राजाचा धर्म आणि प्रजेचा धर्म

धर्मांतराविषयी कायदा कसा असावा हे ठरवण्यासाठी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये समिती नेमली, तेव्हापासून घरच्यांशी आणि मित्रांशी होणाऱ्या बोलण्यात एक वाक्य वारंवार ऐकू येते : युरोपात धर्मावरून रक्ताचे पाट वाहिले, कारण तिथली माणसेच कडवी होती. मी राहतो त्या जर्मनीतल्या हायडेलबर्गचा इतिहास वेगळेच सांगतो, आणि तो आपल्या चर्चेत यायला हवा असे मला मनापासून वाटते.

१५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने जर्मन संस्थानिकांना कॅथलिक किंवा लुथरपंथी (प्रॉटेस्टंटांची एक शाखा) यांपैकी एक पंथ निवडण्याचा अधिकार दिला आणि प्रजेने राजाचा पंथ पाळावा किंवा मालमत्ता विकून संस्थान सोडावे, असे ठरले. हायडेलबर्ग ही फाल्त्स संस्थानाची राजधानी होती. ऑटहाइनरिशने १५५६ मध्ये हे संस्थान लुथरपंथी केले. त्याच्यानंतरच्या तिसऱ्या फ्रीडरिशने ते कॅल्व्हिनपंथाकडे, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या दुसऱ्या शाखेकडे नेले, वास्तविक या पंथाला तहात स्थानच नव्हते. १५७६ मध्ये त्याच्या मुलाने पुन्हा लुथरपंथ आणला आणि १५८३ मध्ये त्या मुलाच्या धाकट्या भावाने पुन्हा कॅल्व्हिनपंथ. दरबारातल्या प्रत्येक बदलाबरोबर पाद्री आणि शिक्षक बडतर्फ होत, नवी प्रश्नोत्तरी मुलांकडून पाठ करून घेतली जाई. ज्याने आयुष्यभर फक्त शेत नांगरले, त्या माणसाचा धर्म एका पिढीत चारदा बदलला, आणि त्याला एकदाही कोणी विचारले नाही.

पुढचे तीस वर्षांचे युद्धही केवळ श्रद्धेचे नव्हते. फाल्त्सच्या पाचव्या फ्रीडरिशने १६१९ मध्ये बोहेमियाचा (आजच्या चेकियातल्या राज्याचा) मुकुट स्वीकारला आणि वर्षभरात, ८ नोव्हेंबर १६२० रोजी, प्रागजवळच्या लढाईत तो गमावला. त्याच्याविरुद्ध कॅथलिक पवित्र रोमन सम्राटाच्या बाजूने लुथरपंथी सॅक्सनीचा योहान गेओर्ग उभा राहिला, कारण त्याला लुसाटियाचा प्रदेश हवा होता. बव्हेरियाच्या कॅथलिक मॅक्सिमिलियनला फ्रीडरिशचे इलेक्टरपद, म्हणजे सम्राट निवडण्याचा मान, हवे होते, ते त्याला १६२३ मध्ये मिळाले. १६२२ मध्ये कॅथलिक सेनापती टिलीच्या सैन्याने हायडेलबर्ग घेतले आणि इथले प्रसिद्ध ग्रंथालय पोपला भेट म्हणून आल्प्स पर्वतापलीकडे रोमला गेले. पुढे स्वीडनचे लुथरपंथी सैन्य कॅथलिक फ्रान्सच्या पैशावर लढत राहिले. यात पंथाभिमान नव्हताच असे मी म्हणणार नाही, पण प्रजेच्या श्रद्धेवर सत्ता चालवण्याचा अधिकार संस्थानिकाच्या हाती असल्यामुळे प्रत्येक गादीचा वाद धर्माचा वाद होत होता.

१६४८ च्या वेस्टफालिया तहाने हा अधिकार पुष्कळ आवळला : १६२४ मध्ये जिथे जी उपासना चालू होती ती प्रमाण मानायची, राजाने पुढे पंथ बदलला तरी प्रजेवर लादायचा नाही. हे बंधन किती खरे ठरले, ते इथल्याच हायलिगगाइस्ट चर्चमध्ये दिसते. कॅथलिक आणि सुधारणावादी (म्हणजे कॅल्व्हिनपंथी) अशा दोन्ही मंडळींसाठी १७०६ पासून त्यात मधोमध भिंत होती. कॅथलिक राजा कार्ल फिलिपने १७१९ मध्ये सगळे चर्च ताब्यात घेतले, पण प्रॉटेस्टंट संस्थानिकांच्या आणि सम्राटाच्या दबावामुळे त्याला ते परत करावे लागले, आणि तो रागावून राजधानीच मानहाइमला घेऊन गेला.

जबरदस्तीने किंवा आमिषाने होणारे धर्मांतर रोखावे, याच्याशी माझा वाद नाही. फसवणूक आणि धाकदपटशा यांच्यासाठी फौजदारी कायदा असलाच पाहिजे. आक्षेप आहे तो उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यासारख्या तरतुदींना, ज्यांत धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे आणि त्यामागचा खरा हेतू पोलिसांनी तपासायचा असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसह लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा असा तपास झाला असता तर हेतूचा निवाडा कोणत्या अधिकाऱ्याने केला असता?

जर्मनीतही सरकार आजवर चर्चचा कर गोळा करते, आणि चर्च सोडायचे तर इथे नोंदणी कार्यालयात जाऊन तसे जाहीर करावे लागते. तिथला कारकून ओळखपत्र पाहतो, सही घेतो, शुल्क घेतो. का सोडता, हे विचारण्याचा अधिकार त्याला नाही. महाराष्ट्राच्या कायद्यातही अधिकाऱ्याचे काम एवढेच असावे.