ख्रिस सेलचा सौदा आणि बुमराहची पाठ

2025 च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोट्या खेळला. भारताने जिंकलेल्या दोन कसोट्यांत, एजबॅस्टन आणि ओव्हलला, तो नव्हता. तेव्हापासून तिकडे भारतात एक सूर सारखा ऐकू येतो: अख्खी मालिका खेळता येत नसेल तर त्याच्यासाठी जागा अडवायची कशाला? इथे बॉस्टनमध्ये रेड सॉक्स या बेसबॉल संघाने असाच विचार करून एक पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) देऊन टाकला आणि तो निर्णय त्यांना चांगलाच महागात पडला.

30 डिसेंबर 2023 ला त्यांनी 34 वर्षांचा डावखुरा ख्रिस सेल अटलांटा ब्रेव्हज या संघाला दिला आणि बदल्यात व्हॉन ग्रिसम हा तरुण इनफिल्डर (आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक) घेतला. वर 1 कोटी 70 लाख डॉलरही दिले. सेलचा पुढच्या हंगामाचा पगार होता 2 कोटी 75 लाख. म्हणजे पगाराचा मोठा वाटा बॉस्टनचा आणि पिचिंग अटलांटासाठी!

बॉस्टनची बाजू कागदावर भक्कम होती. 2020 ते 2023 या चार हंगामांत सेल सुरुवातीचा पिचर म्हणून जेमतेम 31 सामन्यांत उतरला, एकूण 151 इनिंग (बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो). धडधाकट पिचरचं एका हंगामाचं काम याहून जास्त भरतं. त्यात इथले करार हमीचे असतात, खेळाडू जायबंदी झाला तरी पगार थांबत नाही.

पण या चार वर्षांची फोड करायला हवी होती. 2020 पूर्ण गेलं ते कोपरावरच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेमुळे. यात फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवतात आणि परतायला साधारण 12 ते 18 महिने लागतात. 2022 मध्ये आधी बरगडीला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने पडणारी चीर, झालं. मग जुलैत यांकीज संघाविरुद्ध सरळ अंगावर आलेल्या फटक्याने बोट मोडलं आणि ऑगस्टमध्ये सायकलवरून पडून मनगट. बोट आणि मनगट ही झीज नव्हे, अपघात आहेत. पिचरचं भविष्य ठरवताना ते वेगळेच काढले पाहिजेत. 2023 मध्ये खांद्याच्या पात्याने त्रास दिला खरा, पण ऑगस्टमध्ये परतून त्याने हंगाम पूर्ण केला. त्या वर्षी जवळपास 103 इनिंगमध्ये 125 स्ट्राइकआउट (पिचरने तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), म्हणजे नऊ इनिंगमागे 11. हात गेलेला पिचर असे आकडे देत नाही.

अटलांटाने हे ओळखलं. त्यांनी लगेच दोन वर्षांचा 3 कोटी 80 लाखांचा नवा करार केला आणि दोन सामन्यांमध्ये जमेल तिथे जादा विश्रांती दिली. 2024 मध्ये सेलने 29 सामने सुरू केले, 18 विजय, 225 स्ट्राइकआउट, 2.38 ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. ग्रिसमचा हॅमस्ट्रिंग दुखावला, तो बॉस्टनकडून 31 सामने खेळला. सेलची शरीरयष्टी काही बदलली नव्हती: हंगामाच्या शेवटी पाठ आखडून तो प्लेऑफला (बाद फेरीला) मुकला, 2025 मध्ये पुन्हा बरगडी मोडली. तरीही अटलांटाने जी किंमत मोजली, त्या किमतीला हा सौदा माझ्या मते दहादा करावा.

बुमराहचं प्रकरण याहून वेगळं आहे, आणि तिकडच्या वादात नेमकं हेच सुटतं. त्याची पाठ अपघाताने नाही, भाराने दुखावते. 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली. 2024-25 मध्ये ऑस्ट्रेलियात त्याने पाच कसोट्यांत 150 हून जास्त षटकं टाकून 32 बळी घेतले आणि सिडनीत पाठीने दगा दिला. त्यानंतर तीन कसोट्यांचा आकडा आधीच जाहीर करणं हा त्याचा लाड नव्हता, तो हिशेब होता. चुकत असेल तर ते उरलेल्या दोन कसोट्यांसाठी तयार ठेवायच्या गोलंदाजाच्या बाबतीत, आणि तो प्रश्न निवड समितीला विचारला पाहिजे. मुंबई इंडियन्सला तर ही अडचणही कमी आहे: चार षटकांप्रमाणे 14 सामन्यांची 56 षटकं, तीही दोन महिन्यांत विभागलेली. असा गोलंदाज दुसऱ्या फ्रँचायझीला देण्याचं एकही कारण मला दिसत नाही.