17 वर्षांत फक्त 54 मॅच? मग आधी मॅच किती झाल्या ते बघा की

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. भारताच्या जुन्या क्रिकेटपटू डायना एडल्जी 17 वर्षं खेळल्या पण मॅच जेमतेम 54, म्हणजे हौस म्हणून अधूनमधून खेळायच्या, बॉलिंग साधारण, आणि आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्या त्या बीसीसीआयच्या खुर्चीमुळे. आमच्या काकांनी वर अंगठाही दिला.

काका, 54 बरोबर आहे हो, 20 टेस्ट आणि 34 वनडे. पण 1976 ते 1991 या त्यांच्या टेस्टच्या काळात आपल्या बायकांच्या टीमच्या टेस्टच झाल्या 21, त्यातल्या 20 डायनाबाई खेळल्या, आता राहिलेल्या कुठून आणायच्या? 1977 ला पर्थची टेस्ट संपली ती पुढची थेट 1984 ला, आणि 1988 च्या वर्ल्ड कपला तर टीमच गेली नाही. मॅच ठेवायच्याच नाहीत आणि वर विचारायचं की कमी का खेळलात, भारीच आहे.

हौस म्हणे! कुलाब्याच्या बधवार पार्कमधल्या रेल्वे कॉलनीत टेनिस बॉलने खेळत मोठी झालेली मुलगी, खेळतानाच पुढचे चार दात गेले तरी मैदान सोडलं नाही. बीसीसीआयने बायकांचं क्रिकेट हातात घेतलं 2006 ला, त्याआधी या पोरी बिनरिझर्व्हेशनच्या डब्यातून जायच्या आणि डॉर्मिटरीत झोपायच्या. एवढी हौस कोणाला असते?

साधारण बॉलिंगचं तर राहूच दे. डावखुरी स्पिन, टेस्टमध्ये 63 विकेट, ॲव्हरेज 25.77, म्हणजे एका विकेटमागे तेवढे रन. भारतात आजही बायकांमध्ये 63 विकेटचा हाच आकडा सगळ्यात वर आहे, पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी 60 वर, झूलन गोस्वामीच्या 44. जगात पुढे फक्त इंग्लंडची मेरी डग्गन आणि ऑस्ट्रेलियाची बेटी विल्सन.

राहिली खुर्ची. सुप्रीम कोर्टाने 2017 ला बीसीसीआय चालवणाऱ्या कमिटीत नेमलं, ती कमिटी 2019 ला संपली, हॉल ऑफ फेम 2023 चं. कमिटीतल्या कारभारावर वाद झाले, त्यावर भांडा खुशाल, पण अर्जुन पुरस्कार 1983 चा आहे, तेव्हा कुठली खुर्ची होती?

आणि हो, 1986 च्या इंग्लंड टूरवर लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये बाईंना आत सोडलं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की एमसीसीने, म्हणजे लॉर्ड्सच्या मालक क्लबने, नाव बदलून एमसीपी ठेवावं. एमसीपी म्हणजे मेल शोव्हिनिस्ट पिग, त्याचा अर्थ काकूंना विचारा, त्या नीट सांगतील.