"प्राथमिकच्या वर्गात फेसबुक-इन्स्टा आणा" म्हणणाऱ्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्याकडे गोव्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. डिचोलीच्या ग्रुपवर आला, मग साखळीच्या, परवा फोंड्याहून मावशीनेही तोच पाठवला. म्हणणं थोडक्यात असं की सरकारी मराठी प्राथमिक शाळा वाचवायच्या तर तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाला वर्गातच फेसबुक-इन्स्टाचं अकाउंट काढून द्या आणि अभ्यास तिथेच करून घ्या. कारणं पाच: परदेशात असंच चालतं, मुलांना ते आधीच येतं, सगळं फुकट आहे, टीचर लक्ष ठेवणार म्हणजे धोका नाही, आणि आता नाही शिकवलं तर मोठेपणी फसतील. खाली नेहमीचं, "सहमत असाल तर पुढे पाठवा". मी नाहीये सहमत, म्हणून लिहायला बसले.

"परदेशात असंच चालतं"

कुठल्या परदेशात ते सांगा ना. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा साइट्सवर अकाउंटच ठेवता येत नाही आणि दंड मुलाला किंवा आईबापाला नाही, कंपनीला, तोही 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. शाळेच्या अभ्यासासाठीचं गूगल क्लासरूम त्यातून वगळलंय, लॉगिन न करता टीचरने वर्गात एखादा व्हिडिओ लावला तरी चालतं, म्हणजे तिथे कोणी कॉम्प्युटर उचलून बाहेर फेकलेला नाही, फक्त मुलाच्या नावाचं अकाउंट नको म्हणतायत.

आणि अमेरिका म्हणाल तर 13 वर्षांची अट तिथूनच आली. 1998 साली त्यांनी मुलांच्या ऑनलाइन माहितीसाठी कायदा केला, 13 खालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईबापाची परवानगी हवी. एवढी कटकट कोण करणार, म्हणून बहुतेक कंपन्यांनी सरळ 13 खाली प्रवेश नाही असं लिहून टाकलं. बऱ्याच जणांना वाटतं 13 व्या वर्षी मूल शहाणं होतं म्हणून ती अट, तसं काही नाही. पण अट आहे, फेसबुकची आहे, इन्स्टाची आहे, आपल्या लाडक्या व्हॉट्सअॅपचीही आहे. आता तिसरीतलं पोर असतं आठ वर्षांचं. त्याचं अकाउंट काढायचं तर जन्मतारीख खोटी टाकावी लागणार, आणि ती टाकायला शिकवणार कोण, तर वर्गातली टीचर!

आपल्या देशाचं तर अजून कडक. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 खालचा प्रत्येक जण मूल धरलाय, पालकांची पडताळलेली संमती पाहिजे आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई. नियम नोव्हेंबर 2025 ला आले, टप्प्याटप्प्याने लागू होतील. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसावं.

"मुलांना ते आधीच येतं"

रील वर ढकलता येणं म्हणजे येणं असेल तर येतं बाबा. माझा धाकटा यूट्यूबवर एक माणूस खेळण्यांची खोकी फोडत बसलेला असतो ते बघतो, आणि तो माणूस ते विकण्यासाठी करतोय हे सांगितलं तर म्हणतो "नाही गो आई, तो मित्र आहे". अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2004 मध्येच सांगून ठेवलंय की साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा गळ कळत नाही, म्हणून त्या वयाला उद्देशून जाहिराती करण्यावर बंधन घाला. आणि तेव्हा जाहिरात निदान जाहिरातीसारखी दिसायची तरी. आपल्या गोव्यातली कोडिंग-रोबोटिक्सची योजनासुद्धा सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहे, प्राथमिकला नाही, ते उगाच नसेल.

"टीचर लक्ष ठेवणार म्हणजे धोका नाही"

हा मुद्दा सगळ्यांना पटतो म्हणून यावर जरा थांबते.

एडमोडो नावाची साइट होती, 2008 मध्ये सुरू झालेली, खास शाळांसाठी, दिसायला थेट फेसबुक. टीचर ग्रुप करणार, मुलं कोड टाकून आत येणार, बाहेरच्याला दार बंद. फॉरवर्डमध्ये जे स्वप्न रंगवलंय ना तेच. 2022 मध्ये ती बंद पडली, आणि मे 2023 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई जाहीर केली, 60 लाख डॉलरचा दंड, कारण 13 खालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेतली आणि जाहिरातींसाठी वापरली. कंपनीकडे पैसेच नव्हते म्हणून दंडाची वसुली थांबवली ती गोष्ट वेगळी. कमिशनचा मोठा आक्षेप हा की संमती घेण्याची कायद्याची जबाबदारी कंपनीने शाळांच्या गळ्यात मारली. म्हणजे टीचर लक्ष ठेवून होत्या, मुलं एकमेकांना काय लिहितात ते बघत होत्या, पण कंपनी मागच्या दाराने काय नेतेय ते टीचरला दिसणार कुठून?

दुसरं आपल्याच वाड्यावरचं. एका शाळेच्या पेजवर जूनमध्ये फोटो आला, शाळेचा पहिला दिवस, दुसरीतल्या मुली हातात पाट्या धरून, पाटीवर मुलीचं पूर्ण नाव, युनिफॉर्मच्या बॅजवर शाळेचं नाव, मागे बालरथ (मुलांना नेणारी शाळेची बस) उभा आणि त्याचा नंबर स्पष्ट, वर कॅप्शन "साडेसातला निघालेल्या आमच्या छोट्या मैत्रिणी". दीडशे लाइक. टाकणाऱ्या टीचरचा हेतू शंभर टक्के चांगला, पण नाव, शाळा, गाडी, वेळ सगळं एका फोटोत आणि पेज सगळ्या जगाला उघडं. एका आईने काढायला सांगितला तर ग्रुपवर तिलाच ऐकावं लागलं, "इतकं काय त्यात". शिवाय काढेपर्यंत तो किती फोनांत गेला असेल कोण जाणे.

"फुकट आहे, शाळा वाचतील"

फुकट म्हणजे फोन कुणाचा, नेट कुणाचं? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सत्तरी-सांग्याची पोरं रेंजसाठी डोंगर चढून बसायची, पेपरांत फोटो आले होते, विसरलो एवढ्यात? आणि जिथे एक-दोन टीचर मिळून चारही इयत्ता एकत्र सांभाळतात तिथे ती बाई शिकवणार की पासवर्ड विसरलेल्यांना ओटीपी देत बसणार. पट कमी झालाय तो इंग्रजीच्या ओढीने, 2011 ला इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिकला अनुदान मिळायला लागल्यावर तर जास्तच. इन्स्टा नाही म्हणून एकाही पालकाने मूल मराठी शाळेतून काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

फॉरवर्डमधली एकच गोष्ट मला मनापासून पटते, आपलं लिहिलेलं दुसरं कोणीतरी वाचणार म्हटलं की मुलं जीव ओतून लिहितात. पण त्याला अकाउंट कशाला? चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी सत्तरीतल्या एका टीचरने पेडण्याच्या किनाऱ्याकडच्या शाळेतल्या मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर विचारलं, तुमची मुलं माटोळीला (गणपतीवर रानातली फळं-फुलं बांधतात त्या चौकटीला) काय बांधतात. झालं, चौथीच्या मुलांनी फळ्यावर यादी केली, कवंडळ (न खाण्यासारखं रानफळ), आंबाडे, सुपारीचा कात्रो (घड), "कवंडळ" की "कवंडाळ" या कान्यावर भांडण झालं, मग प्रत्येकाने वहीत एक वस्तू घेऊन लिहिलं, ती कुठल्या रानात मिळते, आणणारा कोण. टीचरने वह्यांच्या पानांचे फोटो पाठवले, फक्त पानांचे. तिकडून प्रश्न आला, "कवंडळ खातात काय?" इथे वर्गात हशा आणि मग उत्तर लिहायला आठ जण एकदम फळ्याकडे. एकाही मुलाचा चेहरा, नंबर, अकाउंट कुठे गेलं नाही.

"आता नाही शिकवलं तर फसतील"

शिकवा की, पण त्यासाठीही साइट लागत नाही. पावसाळ्यात रेड अलर्ट आला की "उद्या शाळांना सुट्टी" हे मागच्या वर्षीचं परिपत्रक हमखास फिरतं. ते प्रिंट काढून चौथीच्या मुलांना द्या आणि तारीख शोधा, सही कुणाची बघा, आज कुठला वार आहे जुळवा म्हणून सांगा. अर्ध्या तासाचं काम. (ग्रुपवर ते टाकणारे आम्ही पालकच असतो, मुलांकडे तर फोनच नसतो!)

पुढच्या पीटीए मीटिंगला हा विषय येणार असं ऐकतेय. येऊ दे. फॉरवर्डवाल्यांनी तेवढं सांगावं की अकाउंट कुठली जन्मतारीख टाकून काढणार, संमतीच्या कागदावर सही न करणाऱ्या पालकाच्या मुलाला त्या तासाला कुठे बसवणार, आणि फोटो काढून टाकायचा असेल तर पालकाने कुणाला फोन करायचा. हे लेखी द्या, मग बोलू.