न्यूमोनियाची लस घेतली, पण कोणती?

न्यूमोनियाच्या लसीबद्दलचा निम्मा गोंधळ तिच्या नावानेच घातलाय. न्यूमोनिया जिवाणूंनी होतो, विषाणूंनी होतो, क्वचित बुरशीनेही होतो. ही लस मात्र एकाच जिवाणूविरुद्ध आहे: न्यूमोकोकस. त्यामुळे 'टोचून घेतली तरी न्यूमोनिया झालाच' ही तक्रार खरी असते आणि तरी लस फसलेली नसते. उलट ज्यांना आपण न्यूमोनियाच्या लसी म्हणतच नाही, त्या हेच काम करत असतात. हिब (न्यूमोनिया करणारा दुसरा एक जिवाणू), डांग्या खोकला, फ्लू आणि गोवर यांच्या लसी. गोवराने दगावणाऱ्या लहान मुलांत न्यूमोनिया हेच सर्वात मोठं कारण असतं. गोवराचा डोस चुकवून न्यूमोकोकसच्या लसीची चौकशी करणं म्हणजे पुढचं दार उघडं टाकून खिडकीला कडी लावणं.

आता मूळ मुद्दा. 'न्यूमोनियाची लस घेतली का?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणती, कितीची आणि कधी, हे तिन्ही कळल्याशिवाय पुढचा डोस ठरवता येत नाही.

न्यूमोकोकसच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. या कवचाचे शंभरावर प्रकार आहेत, आणि लसीच्या नावापुढचा आकडा म्हणजे त्यातले किती प्रकार तिच्यात घेतलेत ते. एका जातीच्या लसीत नुसतं हे कवच असतं. तिला पॉलिसॅकराइड लस म्हणतात, म्हणजे पीपीएसव्ही 23. दुसऱ्या जातीत तेच कवच एखाद्या प्रथिनाला जोडलेलं असतं. ती कॉंज्युगेट लस, पीसीव्ही. हे प्रथिन बहुतेक पीसीव्हींमध्ये घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी रूप असतं.

हा जोड कशासाठी, तर दोन वर्षांखालच्या बाळाच्या शरीराला नुसती साखर ओळखता येत नाही. प्रथिनाला बांधून दिली की टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) कामाला लागतात, प्रतिकारशक्तीला आठवण राहते आणि पुढच्या डोसला जोरदार प्रतिसाद मिळतो. नुसत्या साखरेने मोठ्या माणसात प्रतिपिंडं (जंतूंना रोखणारी रक्तातली प्रथिनं) बनतात खरी, पण आठवण जवळजवळ राहत नाही आणि काही वर्षांत असर ओसरतो. शिवाय पीसीव्हीमुळे नाका-घशात मुक्काम ठोकून बसलेला जिवाणूही कमी होतो, म्हणून लहान मुलांना लस दिली की घरातल्या आजी-आजोबांचा आजारही घटतो. पीपीएसव्हीला हे जमत नाही.

म्हणून '23 म्हणजे 20 पेक्षा भारी' हा हिशेब चुकीचा. आकड्याआधी जात बघायची. पीसीव्हीमध्येही आकड्यांचा सरळ जिना नाही. 2000 साली 7 प्रकारांची आली, 2010 मध्ये 13 ची, मग 15 आणि 20 ची. 2024 मध्ये आलेली 21 ची लस मोठ्यांचा आजार समोर ठेवून बांधलेली आहे. तिच्यात जुन्या लसींमधले काही प्रकार वगळून नवे घातलेत, त्यामुळे '20 अधिक 1' अशी ती नाही.

मुलांचं वेळापत्रक देशोदेशी थोडं वेगळं असतं. जागतिक आरोग्य संघटनेला दोन्ही पद्धती मान्य आहेत: तिन्ही डोस पहिल्या काही महिन्यांत, किंवा दोन आधी आणि तिसरा 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान. सुरुवात सहाव्या आठवड्यापासून करता येते. लवकर जन्मलेल्या बाळाचं वयही जन्मतारखेपासूनच मोजायचं, 'दिवस भरल्यापासून' नाही. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिला तिथून पुढे जायचं. मात्र उशीर झाला की डोसची संख्या बदलते. सात ते अकरा महिन्यांत सुरुवात केली तर साधारणपणे चार आठवड्यांच्या अंतराने दोन आणि वर्ष झाल्यावर एक. एक ते दोन वर्षांत सुरू केली तर आठ आठवड्यांच्या अंतराने दोन. दोन वर्षांपुढच्या निरोगी मुलाला पाचव्या वर्षापर्यंत एक पुरतो.

सर्वात जास्त बुडतो तो शेवटचा डोस. पहिल्या दोन डोसनंतर बाळ ठणठणीत असतं आणि 'झालं की सगळं' असं वाटतं. पण दुसऱ्या वर्षात टिकणारं संरक्षण याच डोसवर उभं असतं.

मोठ्यांमध्ये वयाची अट कुठे 65, कुठे 50. वयापेक्षा आजारांकडे मात्र फार कमी लोक बघतात. मधुमेह, जुना दमा, हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा दीर्घ आजार, धूम्रपान, केमोथेरपी, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण, बरेच दिवस चाललेली स्टेरॉइड्स, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट: यांपैकी काही असेल तर चाळिशीतही ही लस लागू शकते. प्लीहा (पानथरी) काढायची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर लस निदान दोन आठवडे आधी व्हायला हवी. ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या तारखेच्या गडबडीत हमखास राहते.

मोठ्यांना 20 किंवा 21 ची पीसीव्ही एकदा दिली की बहुतेकांचं काम झालं. 15 ची दिली तर साधारण वर्षाने पीपीएसव्ही 23, आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर आठ आठवड्यांनीही चालते. आधीच 23 ची घेऊन बसला असाल तर पीसीव्हीसाठी वर्षभर थांबायचं, कारण नुसत्या साखरेची लस आधी दिली की नंतरच्या पीसीव्हीला प्रतिसाद फिका येतो. निवड हातात असेल तर पीसीव्ही आधी. आणि ही फ्लूसारखी दरवर्षीची लस नव्हे.

अपेक्षा किती ठेवायची? नेदरलँड्समध्ये 65 आणि त्यापुढच्या सुमारे 85 हजार लोकांवर 13 च्या लसीची चाचणी झाली. 2015 मध्ये निकाल छापून आले. लसीतल्या प्रकारांनी होणारा न्यूमोनिया सुमारे 45 टक्क्यांनी घटला, आणि त्याच प्रकारांचा रक्तात वगैरे पसरणारा गंभीर आजार 75 टक्क्यांनी. म्हणजे ही चिलखत नाही, पण जीवघेण्या आजाराविरुद्ध चांगलीच ढाल आहे. असर यायला दोन-तीन आठवडे लागतात, हेही धरा.

टोचताना काय बघायचं? 21 ची सोडून बाकी पीसीव्हीच्या सिरिंजमध्ये पांढरा गाळ तळाशी बसलेला असतो, कारण तिच्यात ॲल्युमिनियमचं क्षार असतं. ती जोरात हलवून एकसारखी दुधट झाली पाहिजे. न हलवता टोचली तर औषध सिरिंजमध्येच राहू शकतं. हलवूनही गुठळ्या राहिल्या तर ती टाकून द्यायची. पीपीएसव्ही 23 मात्र पाण्यासारखी स्वच्छ असते. दोन्ही 2 ते 8 अंशांत ठेवायच्या. गोठलेली लस वितळून नेहमीसारखी दिसली तरी वापरायची नाही. फ्रिजच्या दारात किंवा फ्रीझरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या लसीवर विश्वास ठेवू नये.

डोस अर्धा मिली. तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, मोठ्यांना दंडाच्या स्नायूत, खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली. फार वर टोचली की सांधा महिनोन्महिने दुखत राहू शकतो. त्याच दिवशी दुसरी लस असेल तर दुसरा हात-पाय, नाहीतर निदान एक इंच अंतर. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर बारीक सुई घेऊन नंतर दोन मिनिटं दाबून धरायचं. चोळायचं नाही.

ताप, किरकिर, टोचलेल्या जागी सूज हे एक-दोन दिवस चालतं. ताप येऊ नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल पाजून नेऊ नका. बाळांवरच्या अभ्यासात त्याने प्रतिपिंडं कमी बनलेली दिसली आहेत. ताप आल्यावर द्यायला हरकत नाही. साधी सर्दी हे डोस पुढे ढकलायचं कारण नाही. आधीच्या डोसला किंवा घटसर्पाच्या लसीला गंभीर ॲलर्जी आली असेल तर मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कार्डावर 'न्यूमोनिया' एवढंच लिहून देत असतील तर तिथेच थांबवा. लसीचं पूर्ण नाव, आकडा, बॅच नंबर आणि तारीख लिहून घ्या, शक्य असेल तर खोक्याचा फोटो काढून ठेवा. कार्ड हरवलं आणि कुणालाच काही आठवत नसेल, तर घेतलीच नाही असं धरून चालतात. एखादा डोस जास्त झाला तर फार तर हात थोडा जास्त दुखतो.