पंचवीस टक्के जागरण

मुंबईत रात्रीचे बारा वाजले की काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे भाडे पंचवीस टक्क्यांनी वाढते आणि पहाटे पाचपर्यंत ते वाढलेलेच राहते. या वाढीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. लोक घोरत असताना जो माणूस गाडी हाकतो, त्याला चार पैसे जास्त मिळावेत हे न्यायाचेच आहे. माझे म्हणणे एवढेच की त्या जागरणात उतारूचाही मोठा वाटा असतो आणि त्याचा हिशेब कोणत्याही टॅरिफ कार्डावर छापलेला नसतो.

मी फोर्टात एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधनाचे काम करतो आणि राहतो मुलुंडला. एखाद्या नेत्याने रात्री अकरानंतर राजीनामा द्यायचे ठरवले की आमचे पहिले पान पुन्हा लावावे लागते आणि शेवटची लोकल मला न घेताच निघून जाते. रिक्षाला शीव आणि माहीमच्या दक्षिणेला यायला मनाई आहे. मोबाइलवरून गाडी मागवावी, तर चालक आधी फोन करून ‘ड्रॉप किधर है’ असे विचारतो, मुलुंड हे नाव ऐकून क्षणभर गप्प होतो आणि पुढच्या मिनिटाला पडद्यावरची त्याची गाडी नाहीशी होते. मग स्टेशनाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यांच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तिथे पहिली मुलाखत होते. सीट मागे पाडून, पाय खिडकीबाहेर काढून पहुडलेला गृहस्थ एक डोळा उघडून ‘किधर?’ एवढेच विचारतो. मी मुलुंड म्हणताच तो डोळा मिटतो. कारणे तीनच असतात आणि ती आळीपाळीने येतात : गॅस संपला आहे, गाडी मालकाकडे जमा करायची आहे, आणि ‘उधर से खाली आना पडता है’. यांतले तिसरे कारण इतके खरे आहे की त्यावर वाद घालण्याची माझी हिंमत होत नाही. तीसेक किलोमीटर जायचे आणि भाडे न मिळता तेवढेच परत यायचे, हा व्यवहार मला कोणी सांगितला असता तर मीही डोळा मिटला असता. भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ प्रमाणे दंडनीय गुन्हा आहे, हे मला पाठ आहे. आमच्या पानावरून ते अनेकदा गेले आहे. परंतु रात्री सव्वा वाजता, पाय खिडकीबाहेर असलेल्या माणसासमोर ते कलम उच्चारून पाहिले असता तो अतिशय आदराने ‘हां साहब’ म्हणाला आणि कुशीवर वळला.

शेवटी एखादा तयार होतो. तो का तयार होतो, याचा विचार केल्यावर माझ्या लक्षात आले की सगळ्या संकटाचे मूळ तिथेच आहे. ज्याची खोली साकीनाक्याला, कुर्ल्याला किंवा विक्रोळीच्या पार्कसाइटला आहे, तोच मुलुंडचे भाडे घेतो, कारण परत येताना त्याला घर वाटेवर लागते. घरी निघाला आहे याचा अर्थ त्याची पाळी संपत आली आहे. पाळी संपत आली आहे याचा अर्थ तो दुपारपासून गाडी चालवत आहे, आणि मध्ये सीएनजीच्या रांगेत तासभर उभाही राहिला आहे. ताजेतवाने चालक मला नाकारतात आणि पेंगणारे स्वीकारतात. ही निवड इतकी अचूक होते की तिच्यात कधी चूक झालेली मी पाहिली नाही.

गाडी पी. डिमेलो मार्गावरून ईस्टर्न फ्रीवेवर चढते आणि माझी खरी रात्रपाळी सुरू होते. २०१३ साली खुला झालेला हा रस्ता चेंबूरपर्यंत सुमारे सतरा किलोमीटर पसरला आहे आणि त्यावर एकही सिग्नल नाही. दिवसा ज्या गोष्टीसाठी आपण अभियंत्यांना दुवा देतो, तीच रात्री दीड वाजता अंगावर काटा आणते. खाली गोदीचे पिवळे दिवे, वर एकसारखे खांब, वारा बेताचा. झोपेला याहून चांगला पाळणा कोणी बांधून दिला नसता. मी मागच्या सीटवर मुद्दाम मधोमध बसतो, म्हणजे आरशात चालकाचे दोन्ही डोळे दिसतात. झोप आधी वेगात दिसते. साठावरचा काटा उगाचच चाळिसावर येतो, मग काहीतरी आठवल्यासारखा सत्तरावर जातो. त्यानंतर मान. मान पुढे गेली तर अजून वेळ आहे असे समजावे. ती बाजूला कलली तर मात्र ताबडतोब बोलायला लागावे.

पूर्वीच्या प्रीमियर पद्मिनीत ही वेळ येत नसे. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे आणि चालू असताना तिचा प्रत्येक भाग वेगवेगळा आवाज करत असे. त्या गोंगाटात झोपणे कोणालाही शक्य नव्हते. शेवटची पद्मिनी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत टॅक्सी म्हणून नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा हळवे लेख पुष्कळ आले, काही तर मीच तपासले; पण चालकाला जागे ठेवण्याच्या तिच्या गुणाचा उल्लेख त्यांपैकी एकाही लेखात नव्हता. आताच्या गाड्या बिनआवाजी आहेत आणि जागे ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

कोणत्या विषयाने माणूस जागा राहतो, याचा मी आता जाणकार झालो आहे. पाऊस, गर्मी आणि महागाई हे विषय निरुपयोगी आहेत. त्यांवर माणूस झोपेतही ‘हां, वो तो है’ असे उत्तर देऊ शकतो. राजकारणाने झोप उडते खरी, पण आपला मुद्दा पटवण्यासाठी चालक पूर्ण मागे वळून माझ्याकडे पाहत बोलतो, आणि त्या काळात रस्त्याकडे कोणीच पाहत नसते. गावाकडची शेती हा मात्र रामबाण विषय आहे. ‘खेती है क्या गाव में?’ असे विचारावे आणि निश्चिंत व्हावे. जौनपूर असो वा आझमगढ, शेती म्हटली की भाऊ आला, भाऊ आला की वाटणी आली आणि वाटणी आली की बांधावरचे आंब्याचे झाड आले. त्या झाडाच्या मालकीवरून एका गृहस्थाने मला आणिक-पांजरापोळच्या बोगद्यापासून थेट भांडुपपर्यंत सुखरूप आणले. झाड अजून कोर्टात आहे. ते तसेच राहावे, असे मला मनापासून वाटते.

त्यातही तंबाखूचा प्रसंग वेगळाच. चालक खिशातून पुडी काढतो, डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, चुन्याच्या डबीचे झाकण अंगठ्याने उडवतो आणि उजव्या अंगठ्याने मळू लागतो. दोन हात या कामात गुंतलेले असल्याने स्टिअरिंग गुडघ्यावर येते. मग तो दोनदा टाळी वाजवून धूळ उडवतो, ती सगळी माझ्या नाकात जाते, मी शिंकतो, आणि तो प्रेमाने म्हणतो, “नींद भागती है साहब इससे.” त्याची पळते की नाही कोण जाणे, माझी तर आठवडाभर फिरकत नाही.

मराठी चालक भेटला की भूमिका उलटतात आणि प्रश्न तो विचारतो. ‘गाव कुठलं?’, ‘तालुका?’, ‘म्हंजे घाटावर का खाली?’ अशा पायऱ्यांनी तो आडनावापर्यंत येतो. मी पाटण तालुक्याचे नाव घेतले, तेव्हा त्याच्या मावशीचे घर आमच्या शेजारच्या गावात निघाले. त्यानंतर त्याने मला ‘साहेब’ म्हणणे सोडून ‘दाजी’ म्हणायला सुरुवात केली. घाटकोपरला त्याने माझा पगार विचारला, कांजूरमार्गला तो ऐकून हळहळला आणि भांडुपला आपल्या मेव्हण्याच्या पोराला ‘पेपरात कुठंतरी चिकटवा’ अशी गळ घातली. पोराचे शुद्धलेखन कसे आहे, असे मी विचारले. “शुद्धलेखनाचं काय, दाजी, ते तुम्ही बघताच की!” या उत्तरावर माझ्यापाशी काही बोलायला नव्हते.

एकदा मात्र शेती, भाऊ आणि झाड असे तिन्ही उपाय थकले. चालकाला भाऊच नव्हता. विक्रोळीपासून पुढे मी त्याला अक्षरशः दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लावल्या आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा मीटरचा आकडा साडेआठशेच्या घरात होता. पैसे घेऊन तो म्हणाला, “साहब, एक घंटा इधर ही गाडी में सो जाऊँ? अब चलाया नहीं जाएगा.” मला हे ऐकून भरून आले. रात्रभरातले हे पहिले शहाणपणाचे वाक्य होते.

आमच्या वॉचमनला ते मंजूर नव्हते. बाहेरचे वाहन आत घ्यायचे तर वहीत नोंद हवी, असे त्याने सांगितले आणि वही पुढे केली. गाडीचा क्रमांक झाला, वेळ झाली, ‘कोणाकडे’ या रकान्यात माझा फ्लॅट नंबर झाला. ‘येण्याचे कारण’ या रकान्यापाशी तो अडला. डिलिव्हरी, पाहुणा आणि दुरुस्ती या तिन्हींत हे बसत नव्हते. बराच विचार करून त्याने ‘झोप’ असे लिहिले. ते त्याने ‘झोफ’ असे लिहिले होते. मी सवयीने खिशातले लाल पेन काढून दुरुस्त केले.

सकाळी सेक्रेटरींचा फोन आला. वहीत खाडाखोड केल्याबद्दल समज, आणि बाहेरच्या वाहनाने रात्री जागा अडवल्याचे शंभर रुपये.