टाकी माशांची, हमाली माझी

माशांना खाणं घालायचं म्हटलं की घरातले सगळे हात वर. पाणी बदलायचा दिवस उजाडला की बादलीपाशी मी एकटाच.

टाकी 60 लिटरची. आठवड्याला पाव पाणी बदलायचं, म्हणजे 15 किलो उपसायचं आणि 15 किलो पुन्हा भरायचं. व्यायामशाळेत याचे पैसे मोजावे लागतात, अशी मी मनाची समजूत घालतो.

आधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं. तापलेली नळकांडी पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. मग सायफनची नळी. ती तोंडाने ओढू नये. ओढणं नेमकं कधी थांबवावं हे पहिला घोट घेतल्यावरच कळतं, आणि त्या घोटात सात दिवसांची विष्ठा असते. त्यापेक्षा अख्खी नळी टाकीत बुडवून भरून घ्यावी, टोक अंगठ्याने दाबून खाली बादलीत सोडावं. नळीचं टाकीतलं रुंद तोंड तळाच्या खड्यांत खुपसलं की खडे नळीत गरगरतात, टणटण आपटून खाली बसतात आणि तपकिरी धुरळा तेवढा वर चढतो. हे बघत बसावंसं वाटतं. बघत बसलं की बादली वाहते.

खरी परीक्षा फिल्टरच्या स्पंजची. काळा, बुळबुळीत, नळाखाली धरून खसाखसा धुवावा असा. तिथेच घात! माशांनी सोडलेला विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू त्याच बुळबुळीमध्ये राहतात. नळाचं क्लोरीन त्यांचा निकाल लावतं. म्हणून स्पंज उपशाच्या गढूळ पाण्यातच दोनदा पिळायचा. ‘घाण पाण्यात धुतोयस?’ हा प्रश्न दर खेपेला येतो. टाकी लख्ख करायची हौस असलेल्या माणसाने भांडी घासावीत, मासे पाळू नयेत.

‘आटलं तेवढं भरलं की झालं’ हा दुसरा घरगुती सिद्धांत. उडून जाते ती पाण्याची वाफ. नायट्रेट आणि क्षार मागे राहून घट्ट होतात.

काचेवरचं शेवाळ चुंबकी घासणीने निघतं. मात्र घासणीत वाळूचा एक कण अडकला, तर ओरखडा जन्मभराचा. दिवा आठ तासांवर जाळू नका, घासायचं निम्मं काम वाचेल. साबण टाकीच्या आसपासही नको.

नव्या पाण्यात क्लोरीन मारणारं औषध बाटलीवरच्या मापाने घालायचं. तापमान टाकीएवढं करून घ्यायचं, आणि धार बशीवर सोडायची, नाहीतर खड्यांत खळगा पडतो.

लादी पुसून मी टेकतो. मासे काचेशी गोळा होऊन तोंडं उघडझाप करतात. कौतुक समजून मी जवळ जातो, तर त्यांना खाणं हवं असतं. आणि टाकीमागे हीटरचा प्लग अजून लोंबतोय.