धनखडांचा राजीनामा आणि दोन्ही बाजूंच्या कोलांटउड्या : एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. उपराष्ट्रपती आणि त्या नात्याने राज्यसभेचे सभापती असलेल्या जगदीप धनखड यांच्या राजीनाम्यानंतर सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही त्यांच्याबद्दलची भाषा एका रात्रीत बदलली, असे मी लेखात म्हटले होते. तुमचे म्हणणे असे की, सरकारने उपराष्ट्रपतींना घालवल्याचे उघड दिसत असताना विरोधकांना जाब विचारणे म्हणजे मारणारा आणि ओरडणारा यांना एका पंक्तीत बसवणे आहे. महाराष्ट्राचे माजी विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांच्या राजीनाम्याचा दाखला मी ओढूनताणून आणला, असेही तुम्ही लिहिले आहे. आणि माझी तटस्थता ही निव्वळ सोय आहे, हा तुमचा शेवटचा आरोप.

शेवटचा आरोप आधी घेतो. या प्रकरणात मी तटस्थ नाही. सरकारची बाजू अधिक दोषी आहे असे मला वाटते, आणि का वाटते तेही सांगतो.

२१ जुलै २०२५ हा पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. धनखड त्या दिवशी नेहमीसारखे सभापतींच्या आसनावर होते. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांना पदावरून हटवण्यासाठी विरोधी सदस्यांनी दिलेली नोटीस आपल्याकडे आल्याचे त्यांनी सभागृहाला सांगितले आणि पुढील कार्यवाहीसाठी महासचिवांना सूचना दिल्या. दुपारी साडेचारला सभागृहाचे कामकाज ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीची त्या दिवसातली दुसरी बैठक होती. सभागृह नेते जे. पी. नड्डा आणि संसदीय कामकाज मंत्री किरेन रिजिजू तिला आले नाहीत. येता येणार नसल्याचे सभापतींच्या कार्यालयाला आधीच कळवले होते, असे नड्डांनी नंतर सांगितले. रात्री धनखडांचे राष्ट्रपतींना लिहिलेले पत्र जाहीर झाले : प्रकृतीचे कारण, राजीनामा तत्काळ लागू. दुसऱ्या दिवशी पीठासीन असलेले घनश्याम तिवारी यांनी गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेची माहिती सदस्यांना दिली आणि सभागृहापुरता विषय तिथेच थांबला. पंतप्रधानांनी समाजमाध्यमावर दोन ओळी लिहिल्या. आपल्या सभापतीला निरोप देण्याचीही संधी राज्यसभेला मिळाली नाही.

आता याच सत्ताधारी बाकांचे २०२३ सालचे वागणे आठवा. त्या डिसेंबरात निलंबित खासदार संसदेच्या पायऱ्यांवर बसले होते आणि तृणमूल काँग्रेसचे खासदार कल्याण बॅनर्जी यांनी तिथे धनखडांची नक्कल केली होती. सभापतिपदाचा, शेतकऱ्याच्या मुलाचा, एका समाजाचा अपमान झाला, असे सत्ताधाऱ्यांनी म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यांचे खासदार राज्यसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला धनखडांच्या सन्मानार्थ उभे राहिले. त्यावर माझा आक्षेप नव्हता. आसनाचा मान राखलाच पाहिजे. पण नकलेने दुखावलेला तो मान, सभापती अधिवेशनाच्या पहिल्याच रात्री निघून गेल्यावर कुणालाच का आठवला नाही? माहिती सगळी सत्ताधाऱ्यांकडे होती, आणि तरीही मौन त्यांनीच धरले. दोघांत दोष वाटायचा तर मोठा वाटा इथेच जातो, आणि मूळ लेखातही मी तो इथेच दिला होता.

तरीही ‘घालवले हे उघड आहे’ हे तुमचे वाक्य मी लिहिणार नाही. धनखडांना त्याच वर्षी मार्चमध्ये हृदयाच्या त्रासामुळे एम्समध्ये दाखल व्हावे लागले होते. त्यांचे आजारपण खोटे होते असे म्हणण्याइतका पुरावा तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. संशयाला जागा मात्र आहे, आणि ती कागदावर दिसते. न्यायाधीश चौकशी कायदा, १९६८ प्रमाणे एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत नोटिसा दिल्या गेल्या आणि दोन्ही दाखल करून घेतल्या गेल्या, तर चौकशी समिती लोकसभा अध्यक्ष आणि राज्यसभा सभापती मिळून नेमतात. वर्मा प्रकरणात दोन्हीकडच्या नोटिसा २१ जुलैलाच दिल्या होत्या. समिती मात्र १२ ऑगस्टला लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी एकट्यानेच जाहीर केली. तोवर धनखड पदावर नव्हते. मधल्या तीन आठवड्यांत राज्यसभेतल्या नोटिशीबाबत काय ठरले, कुणी ठरवले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

आणि हे विचारायचे असेल तर विचारणाऱ्याची जागा भक्कम हवी. माझा विरोधकांवरचा राग तिथून येतो.

डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे ६० विरोधी खासदारांनी धनखडांना हटवण्याची नोटीस दिली होती. उपराष्ट्रपतीविरुद्ध अशी नोटीस त्याआधी कधी आलेली नव्हती. राज्यसभेच्या कामकाजात सर्वांत मोठा अडथळा खुद्द सभापतींचा आहे, अशा अर्थाचे राज्यसभेतले विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खर्गे पत्रकार परिषदेत बोलले. उपसभापती हरिवंश यांनी १९ डिसेंबरला ती नोटीस फेटाळली. पुढे सात महिन्यांनी, राजीनाम्यानंतर, काँग्रेसचे जयराम रमेश यांच्यासह अनेकांना हेच धनखड शेतकऱ्यांसाठी निर्भीडपणे बोलणारे, सत्तेला खटकणारे गृहस्थ वाटू लागले. मधल्या काळात धनखड इतके बदलले होते का? तसे असेल तर एखाद्या प्रसंगानिशी ते सांगायला हवे होते.

तुम्ही म्हणाल, राजकारणात हे चालायचेच. पण याची किंमत मोजावी लागली, आणि ती विरोधकांनीच मोजली. १ डिसेंबर २०२५ रोजी नवे सभापती सी. पी. राधाकृष्णन यांचे स्वागत करताना खर्गे यांनी धनखडांच्या अचानक जाण्याचा उल्लेख केला. सभागृहाला त्यांना निरोप देता आला नाही, याचे दुःख त्यांनी बोलून दाखवले. बोलणे अगदी रास्त होते. पण तुम्हीच त्यांना हटवण्याची नोटीस दिली होती, तेव्हा कोणते शब्द वापरले होते ते आठवा, अशा आशयाचे उत्तर रिजिजू यांनी लगेच दिले. सरकारला खुलासा करावा लागला नाही. विरोधकांच्याच जुन्या भाषणाने सरकारची सुटका केली.

जुलैतच विरोधकांकडे एक सरळ, खरी भूमिका घ्यायला जागा होती. उपराष्ट्रपतीला हटवण्याचा मार्ग अनुच्छेद ६७ मध्ये दिला आहे : चौदा दिवसांची पूर्वसूचना, राज्यसभेच्या तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव आणि लोकसभेची संमती. विरोधकांना म्हणता आले असते, ‘आम्हाला हे सभापती पक्षपाती वाटत होते आणि अजूनही वाटतात. आम्ही राज्यघटनेने दिलेल्या मार्गाने गेलो, नोटीस दिली, ती फेटाळली गेली. आता मात्र दोन्ही सभागृहांत एक शब्दही न होता ते पद रिकामे झाले आहे. याचे उत्तर आम्हाला हवे आहे.’ यात धनखडांची स्तुती नाही, आधीच्या भूमिकेपासून माघारही नाही. रिजिजूंना याला काय उत्तर देता आले असते? ही भूमिका हाताशी असताना त्यांना अचानक सहानुभूतीचा उमाळा आला, याचे मला वाईट वाटते.

आता पटोले. तो दाखला तोल साधण्यासाठी आणलेला नाही. आपल्या राज्याने याच चुकीचे परिणाम भोगले आहेत, म्हणून आणला. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांनी उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. इथे कुणी कुणाला घालवले नव्हते. पण प्रतिक्रिया काय होत्या ते पाहा. काँग्रेसच्या दृष्टीने तो संघटनेतला बदल होता. सत्तेतल्या महाविकास आघाडीत चर्चा सुरू झाली ती अध्यक्षपद आता कुणाच्या वाट्याला यावर. विधानसभेचे काय, हा प्रश्न मागे पडला. अध्यक्षपद सुमारे १७ महिने रिकामे राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने अध्यक्षांच्या निवडणुकीतला गुप्त मतदानाचा नियम बदलला, राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी निवडणुकीला मान्यता दिली नाही. मग जून २०२२ मध्ये शिवसेनेत एकनाथ शिंदे यांचे बंड झाले. १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढण्याची जबाबदारी झिरवाळांवर आली आणि त्यांच्याच विरुद्ध अविश्वासाची नोटीस असल्याने त्यांच्या अधिकारालाच आव्हान दिले गेले. शिंदे सरकार ३० जूनला आले आणि ३ जुलैला अध्यक्षांची निवडणूक झालीसुद्धा. राहुल नार्वेकर १६४ मतांनी निवडून आले.

यात राज्यपालांचा दोष मोठा, हे तुमचे मत मलाही मान्य आहे. पूर्णवेळ अध्यक्ष असता तर सरकार टिकलेच असते, असेही मी म्हणत नाही. तशी नोटीस अध्यक्षाविरुद्धही देता आली असती. पण आसन रिकामे सोडून दारे उघडी कुणी ठेवली होती? फेब्रुवारी २०२१ मध्ये मित्रपक्षांनी पटोलेंना याचा जाब विचारला असता, तर निदान निवडणूक लांबणीवर टाकणे इतके सोपे गेले नसते. राजीनाम्याविरुद्ध मित्रपक्ष मोठ्याने बोलू लागले ते सत्ता गेल्यावर.

तुम्ही शेवटी विचारले आहे की विरोधकांनी मग गप्प बसायचे होते का. मुळीच नाही. त्यांनी अजून विचारावे, आणि लेखी विचारावे : २१ जुलैच्या नोटिशीवर सभापतींच्या सचिवालयाने पुढे काय कार्यवाही केली, ती दाखल करून घेण्याबाबतचा निर्णय कुणाच्या सहीने आणि कोणत्या तारखेला झाला. याला धनखडांची प्रकृती आड येत नाही, कारण प्रश्न कागदपत्रांचा आहे. तुमच्या मतदारसंघाचा खासदार विरोधी पक्षाचा असेल तर त्याला हेच लिहून पाठवा. माझा खासदार सत्ताधारी पक्षाचा आहे. त्याला मी पाठवले आहे.